साहेबांना पाठवा!

भेंडी घेताना आपण शेंडा मोडून बघतो. नारळ कानाशी धरून हलवतो. साडीचा पदर उजेडात धरून पाहिल्याशिवाय दुकानातून पाय निघत नाही, आणि स्टीलचा डबा घ्यायचा तर झाकण चारदा लावून काढून पाहतो. दुकानदारही त्यावर काही म्हणत नाही. बाईमाणूस आहे, पारखून घेणारच, हे त्याने धरलेलंच असतं. पण तीच बाई टायरच्या दुकानात उभी राहिली, की तिला काही कळत असेल हे समोरच्याच्या मनातही येत नाही. तिथे तिने पैसे द्यायचे, किल्ली घ्यायची आणि निघायचं. काही विचारलंच, तर एक ठरलेलं उत्तर तयार असतं, "साहेबांना पाठवा."

मैत्रिणींनो, हे उत्तर मला २०२५ सालच्या एप्रिलमध्ये ऐकायला मिळालं. त्याचं काय झालं ते सांगते, कारण आज गावोगावच्या बायका गाड्या चालवतात. उद्या तुमच्यावरही अशी वेळ येईल.

आम्ही कराडला राहतो. ह्यांची बँकेची नोकरी पाटणला, ते एस.टी.ने ये-जा करतात. त्यामुळे घरची गाडी बहुतेक माझ्याच हाती. मुलांच्या शिकवण्या, बाजार, सासूबाईंचा दवाखाना, सगळं त्या गाडीवर. गाडी तशी जुनी, दुसऱ्या हाताची घेतलेली, पण चाकं मात्र देखणी. साध्या लोखंडी रिमऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, ज्यांना आपल्याकडे मॅग व्हील किंवा अलॉय म्हणतात, त्या चकचकीत रिम आहेत.

टायर मात्र झिजले होते. टायरच्या खाचांमध्ये जागोजागी आडव्या बारीक पट्ट्या असतात, तुम्ही कधी निरखून पाहा. रबर झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खाच फक्त १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलायची वेळ झाली, असा त्याचा अर्थ. आमच्या टायरांची ती वेळ आली होती. त्यात मे महिन्यात मला चिपळूणला जाऊन आईला घेऊन यायचं होतं. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कराडला करायचं ठरलं होतं. कराड-चिपळूण म्हणजे मध्ये कुंभार्ली घाट. आई मागच्या सीटवर, शेजारी दोन्ही मुलं, आणि टायर गुळगुळीत? छे! मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिकेचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील असं नसतं. त्या वेळी तीन महिन्यांचे एकदम आले होते. ते सगळे आणि वर घरखर्चातून बाजूला टाकलेले थोडे, असे अठरा हजार चारशे रुपये मोजून मी चार नवे टायर बसवून घेतले. बिल माझ्या नावावर घेतलं.

शनिवारी काम झालं. त्या पोराने जाताना टायरांना काळं पॉलिश फासून दिलं, गाडी नवरीसारखी दिसायला लागली. रविवारी सकाळी मुलगी आणि मी अंगणात गाडी धूत होतो. पॉलिशचा काळा ओघळ निघून गेला आणि मुलगी म्हणाली, "आई, चाकाला हे काय झालंय?"

पाहिलं तर रिमच्या बाहेरच्या कडेला दातांनी चावल्यासारख्या खाचा. रंग उडून आतला पांढरा धातू दिसत होता. एका चाकाला असेल म्हणून दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, चौथं पाहिलं. चारही चाकांना तेच. आणि गंमत अशी, की प्रत्येक चाकाला बरोबर चार खाचा, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. घड्याळात बारा, तीन, सहा आणि नऊ वाजतात ना, तशा!

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, जाऊ दे. चाकं काय तोंडात घालायची आहेत?" मीही क्षणभर हसले. पण सोमवारी सकाळी शाळेत निघाले, तर डावं पुढचं चाक बसल्यासारखं दिसलं. पंपावर हवा मोजली. शनिवारी ३३ भरलेली, ती २१ वर आली होती. भरून आणली, मंगळवारी पुन्हा तेच.

आता नवा कोरा टायर, खिळा नाही, काही नाही, मग हवा जाते कुठून? घरात गॅसची नळी बदलली की आपण काय करतो? साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघतो. तोच उपाय केला. भांड्याच्या साबणाचा फेस केला आणि कपडे धुवायच्या ब्रशने चाकाला लावला. रबरावर काही नाही, व्हॉल्व्हवर काही नाही. पण चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे टायर रिमला टेकतो त्या कडेवर, एका जागी बारीक बुडबुडे एकामागून एक यायला लागले. ह्यांना बोलावून दाखवलं. मग मात्र पेपर बाजूला ठेवून ते खाली बसले आणि म्हणाले, "हे घेऊन घाटात जायचं नाही." आमच्या घरात तिथून पुढे "जाऊ दे" हा शब्द बंद झाला.

हे का झालं, ते मी नंतर विचारून विचारून समजून घेतलं. तुम्हालाही सांगते. टायर रिमवरून काढायला एक यंत्र असतं. आधी एक लोखंडी फावडं टायरला बाजूने दाबून तो रिमपासून सुटा करतं. मग रिम एका गोल फिरत्या पाटावर ठेवतात. त्या पाटाला चार पंजे असतात, ते रिमला घट्ट धरतात. पाट फिरतो आणि वरचा दांडा टायर उचलून बाहेर काढतो. लोखंडी रिमला याचं फारसं काही होत नाही, झालंच तर ती जराशी वाकते. पण मिश्रधातूची रिम त्या मानाने नाजूक. पंज्यांचे लोखंडी दात तिच्यात रुततात. फावडं चुकून रिमच्या कडेवरच दाबलं गेलं तर तिला चीरही जाते. म्हणून अशा रिमसाठी पंज्यांवर आणि दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपणं चढवायची असतात. नॉनस्टिक तव्यावर आपण लोखंडी उलथणं लावत नाही, लाकडी घेतो, तसंच हे. टोपणं स्वस्त असतात आणि वापरून झिजली की बदलायची असतात.

तर मी बिल घेऊन दुकानात गेले. मालक गल्ल्यावर होते. मी सांगितलं, त्यांनी गाडीकडे न बघताच म्हटलं, "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो."

मी म्हटलं, "गाडी मी चालवते, पैसे मी दिले, बिलावर नाव माझं आहे. साहेब पाटणला आहेत. बोलायचं ते माझ्याशीच बोला."

"फुटपाथला घासलं असणार. लेडीज लोकांचं पार्किंग करताना होतं असं."

इथे रागाने बोललं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. चार गिऱ्हाइकं हसली असती आणि मी "भांडखोर बाई" ठरले असते. मी त्यांना म्हटलं, "दोन मिनिटं बाहेर या." ते आले. मी म्हटलं, "फुटपाथला घासलं तर एक लांब ओरखडा येतो, आणि तो डाव्या बाजूच्या चाकांना येतो, कारण आपण डावीकडे गाडी लावतो. इथे उजव्या चाकांनाही खाचा आहेत. प्रत्येक चाकाला चार आणि सारख्या अंतरावर. तुमच्या यंत्राला पंजे किती आहेत?"

ते काही बोलले नाहीत. मग मी मोबाइलवर पाडव्याचा फोटो दाखवला. गाडीला हार घालून पूजा केली होती, धाकटा पुढच्या चाकाशी उभा होता. त्या चाकावर एक चरासुद्धा नव्हता.

मालकांनी हाक मारून त्या पोराला बोलावलं. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोलले आणि मला म्हणाले, "याच्या पगारातून कापून तुम्हाला हजार रुपये देतो. झालं?"

पोराची मान खाली. हळूच म्हणाला, "मालक, टोपणं दिवाळीपासून फुटलीत. मी सांगितलं होतं."

बायांनो, खरं सांगते, हजार रुपये घेऊन घरी यायचा मोह मला झाला नाही तो या एका वाक्यामुळे. घरी मुलांवर ओरडताना आपण सुद्धा आधी विचारतो की कप फुटला तो कुणामुळे, धरणाऱ्यामुळे की काठावर ठेवणाऱ्यामुळे. टोपणं आणायची कुणी? ती न आणता काम चालू ठेवायला सांगितलं कुणी? त्या पोराचा महिन्याचा पगार असा किती असणार? माझं नुकसान त्याच्या घरच्या किराण्यातून भरून काढायचं आणि दुकान मात्र तसंच चालू राहायचं, हे मला पटेना. मी म्हटलं, "बिल तुमच्या दुकानाचं आहे, मुलाचं नाही. नुकसान दुकानाने भरायचं. त्याच्या पगाराला हात लावणार असाल तर मला एक रुपया नको, मी दुसऱ्या मार्गाने जाते."

"जा खुशाल," असं म्हणून ते गल्ल्यावर जाऊन बसले.

मग मी दुसरा मार्ग धरला. गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चाकं दाखवली आणि लेखी अंदाजपत्रक मागितलं. डाव्या पुढच्या रिमच्या आतल्या कडेला केसाएवढी चीर निघाली. तिथले अनुभवी मेकॅनिक म्हणाले, "ताई, चीर गेलेल्या अलॉयला कुणी वेल्डिंग करून देतो म्हणालं तरी करू नका. भार आला, खड्डा आला की तिथूनच तुटू शकते. ही बदलायचीच." नव्या रिमचे सात हजार चारशे, बाकी तिन्हींच्या कडा घासून रंग देण्याचे पाच हजार चारशे. एकूण बारा हजार आठशे.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. चाकाचे नट त्यांच्या हातपान्याला निघेनात, इतके आवळलेले. दुकानात हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने धडाधड नट आवळतात. खरं तर गनने नुसते टेकवायचे आणि शेवटचा पीळ मोजणीच्या पान्याने द्यायचा. लहान गाड्यांना हा आकडा साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. नट गोलाकार क्रमाने एकापाठोपाठ एक आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. फार आवळले तर आटे जातात किंवा बोल्ट तुटतो. आणि घाटात पंक्चर झालं, तर गाडीतल्या छोट्या पान्याने आपल्या बापजन्मात ते नट सुटायचे नाहीत!

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी पत्र लिहायला बसले. मनात हसूही आलं. नववी-दहावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं तक्रारपत्र शिकवते. उजव्या कोपऱ्यात तारीख, मग प्रति, विषय, महोदय. मुलं विचारतात, "बाई, असं पत्र खरंच कुणी लिहितं का?" आता लिहिलं. बिलाचा नंबर आणि तारीख. काय काम केलं. काय नुकसान दिसलं आणि कधी. सोबत फोटो आणि अंदाजपत्रकाची प्रत. मला काय हवं: एक नवी रिम, तिघींची दुरुस्ती, नट पुन्हा मोजून आवळणं, आणि या खर्चातला पैसा कामगाराच्या पगारातून न कापणं. पंधरा दिवसांची मुदत. "लुबाडलं", "फसवलं" असा एकही शब्द घातला नाही. पत्र हातात घ्यायला मालक तयार नव्हते, म्हणून रजिस्टरने पाठवलं. (रजिस्टरची ती सेवा पुढे २०२५ सालीच स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा तुम्ही स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.)

शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथे मराठीतून बोलता येतं. तक्रार नोंदवून घेतात, नंबर देतात आणि पुढची पायरी समजावून सांगतात. पैसे पडत नाहीत. मला सांगितलं ते असं: पैसे देऊन घेतलेली सेवा निष्काळजीपणे केली, तर ती कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे १९८६ साली आला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा झाला, तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. जिथे आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे आमच्यासाठी साताऱ्याला. दोन वर्षांच्या आत करायची. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील द्यायलाच हवा असं नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो.

तसं पाहिलं तर हे बायकांना नवीन नाही. १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईत हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचं सामान घेऊ लागली, त्यात निवडण्या-वाटण्याचं कितीतरी काम गृहिणींनी केलं. तेल-तांदळाचा हिशोब विचारणाऱ्या आपण. मग चाकाचा हिशोब विचारताना का बिचकायचं?

अकराव्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज बदललेला होता. "मॅडम, कोर्टबिर्ट कशाला? आपण गावातलीच माणसं." मी म्हटलं, "म्हणूनच तर आधी तुम्हाला पत्र लिहिलं." नवी रिम त्यांनी मागवून दिली. बाकी तीन रिम कोल्हापूरला एका रिमवाल्याकडून दुरुस्त करून आणल्या, खर्च दुकानाचा. नट माझ्यासमोर मोजणीच्या पान्याने आवळून दिले. दुरुस्त केलेल्या रिमचा रंग नव्या रिमपेक्षा किंचित काळपट आहे. उन्हात उभी असली की फरक दिसतो. त्यावर मी ताणलं नाही. धोका होता तो गेला, आणि रंगासाठी दुकानाच्या पायऱ्या पुन्हा झिजवायची माझी तयारी नव्हती.

पगारातून काही कापणार नाही, हे लिहून द्यायला मात्र ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. "तो आमच्या घरचा मामला," म्हणाले. पुढे जूनमध्ये हवा भरायला गेले तेव्हा तो पोरगाच होता. मी विचारलं. "नाही कापले, बाई," असं म्हणून त्याने यंत्राकडे बोट केलं. चारही पंज्यांवर नवी टोपणं होती. खरं सांगायचं तर नव्या रिमपेक्षा त्या टोपणांनी मला जास्त समाधान दिलं. माझ्यामागून येणाऱ्या कुणाचं तरी चाक वाचणार होतं, आणि कुणाची तरी बोलणीही.

आईला मेमध्येच आणलं. घाटात मुलं गाणी म्हणत होती आणि आई डोळ्यांवर पदर घेऊन झोपली होती. ऑपरेशन छान झालं.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं. टायर बदलायला जाताना दुकानाबाहेरच चारही चाकांचे जवळून फोटो काढा, मोबाइलमध्ये तारीख-वेळ आपोआप राहते. "अलॉय आहे, पंज्यांना टोपणं आहेत ना?" एवढं एक वाक्य काम सुरू होण्याआधी विचारा, त्याने समोरचा सावध होतो. नव्या टायरवर चार आकडी शिक्का असतो, तोही वाचा. ०८२५ म्हणजे २०२५ सालच्या आठव्या आठवड्यात बनलेला. वजनं लावून चाकाचा तोल साधतात, तेव्हा अलॉयला ठोकायची नव्हे, चिकटवायची वजनं लावून मागा. काळं पॉलिश लावायच्या आधी कडा बघून घ्या. बिल आपल्या नावाने घ्या, त्यावर गाडीचा नंबर असू द्या. हवेचा योग्य आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तो दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट एकदा तपासून घ्या.

एवढं करूनही कुणी "साहेबांना पाठवा" म्हणालंच, तर आवाज चढवू नका. बिल पुढे धरा आणि त्यावरचं नाव वाचायला सांगा.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचं वॉशिंग मशीन दुरुस्तीवाल्याने नेलं, ते पत्रा चेपवून परत आणलं, आणि तो म्हणतो आधीपासूनच चेपलेलं होतं. "तुला पत्र लिहिता येतं म्हणे," काकू म्हणाल्या. मी कागद-पेन आणून त्यांच्याच हातात दिलं आणि म्हटलं, "मी सांगते, लिहा तुम्ही. उजव्या कोपऱ्यात आधी तारीख घाला."